मेलेल्याच्या खिशातली किल्ली

रहस्यपटाविषयी आपल्याकडे गांभीर्याने फारसे लिहिले जात नाही. तिकिटाचे पैसे वसूल झाले, शेवटी खुनी सापडला, विषय संपला, अशी आपल्या समीक्षकांची समजूत. आणि आंबेडकरी विचाराच्या व्यासपीठावर असा विषय काढला तर पुष्कळांच्या कपाळाला आठी पडेल. इतके प्रश्न समोर पडले असताना ही चैन कशाला, असे विचारले जाईल. माझे म्हणणे असे की ज्या समाजाने आपल्या माणसांची प्रेते ओढ्यातून, विहिरीतून आणि उसाच्या फडातून बाहेर काढली आहेत, त्या समाजाने खुनाची गोष्ट कशी रचली जाते हे बारकाईने पाहिलेच पाहिजे. कोणाचा मृत्यू रहस्य ठरतो आणि कोणाचा मृत्यू नुसती पोलीस ठाण्यातली नोंद, हा प्रश्न कलेचा आहे तितकाच समाजव्यवस्थेचा आहे.

हे सारे मला एखाद्या ग्रंथातून सुचलेले नाही. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात, गेल्या पावसाळ्यात, एका घराच्या पडवीत बसून काही माणसांनी जे बोलून दाखवले त्यातून हे सुचले. मिरकरवाडा म्हणजे रत्नदुर्गाच्या पायथ्याचे मासेमारी बंदर. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात ट्रॉलर आणि पर्ससीनवाल्या लाँचा बंदरात दाटीने उभ्या असतात, बर्फाच्या गाड्या थांबतात, लिलावाचा ओरडा थांबतो, आणि एरवी ज्या माणसांना दोन घटका बसायला सवड नसते ती माणसे जाळी विणत बसतात. त्या दिवसांत काही मित्रांनी भिंतीवर चादर लावून जुने चित्रपट दाखवायचे ठरवले. बघायला तांडेल होते, नेपाळहून आलेले दोन खलाशी होते, बाजारात मासे विकणाऱ्या बाया होत्या, कॉलेजात जाणाऱ्या दोन मुली होत्या, आणि शहराजवळच्या एका बौद्धवाडीतून येणारे सैन्यातले एक पेन्शनर होते. त्यांना सगळे काका म्हणत, मीही म्हणतो.

पहिल्या संध्याकाळी हिचकॉकचा १९५४ सालचा 'डायल एम फॉर मर्डर' लावला. फ्रेडरिक नॉटच्या नाटकावरून केलेला, जवळजवळ संपूर्णपणे लंडनमधल्या एका घरात घडणारा. संवाद मराठीत सांगण्याचे काम एका मुलीने घेतले. पुष्कळांना गोष्ट अर्धीमुर्धी ठाऊक होती, कारण मुकुल आनंदचा १९८५ सालचा 'ऐतबार' हा त्याच गोष्टीवरचा हिंदी चित्रपट त्यांनी कधीतरी पाहिला होता. त्यातला नवरा राज बब्बर आणि इन्स्पेक्टर डॅनी यांची आठवण दोघातिघांनी काढली.

गोष्ट थोडक्यात अशी. टोनी हा एकेकाळचा टेनिसपटू. बायकोच्या पैशावर जगणारा. बायकोचे एका अमेरिकन रहस्यकथालेखकाशी प्रेमसंबंध आहेत हे त्याला कळते. तिला मारायचे आणि तिची मालमत्ता घ्यायची असा बेत तो करतो. स्वतःचे हात मात्र त्याला मळवायचे नाहीत. केंब्रिजमध्ये बरोबर असलेला आणि पुढे घसरणीला लागलेला स्वान नावाचा माणूस तो हेरतो. महिनोन्महिने त्याच्या मागावर राहतो, त्याच्या बारीकसारीक लबाड्या गोळा करतो आणि एके दिवशी घरी बोलावून त्याच्यापुढे दोन गोष्टी ठेवतो: एक हजार पौंड, किंवा तुरुंग. ठरल्या रात्री स्वान पडद्यामागे लपतो, टेलिफोन वाजतो, बाई उठून येते, आणि झटापटीत तिच्या हाती लागलेल्या कात्रीने स्वानच मरतो. पुढचा सारा खेळ एका किल्लीभोवती फिरतो.

या चित्रपटातली एक जागा प्रसिद्ध आहे. टोनी बाहेर मेजवानीत बसला आहे. त्याचे घड्याळ बंद पडले आहे. टेलिफोनच्या खोलीत दुसराच कोणी बोलत उभा आहे. आणि इकडे स्वान वाट पाहून निघून जायच्या बेतात आहे. ही जागा आली तेव्हा आमच्या पडवीत काय झाले? एक वयस्क तांडेल, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, ते हातातली सुई थांबवून म्हणाले, "अरे, कर ना फोन लवकर!" सगळे हसले. मग एकदम शांतता झाली. कारण फोन लागला की बाई मरणार होती. चाचा ओशाळले. म्हणाले, "आपनबी त्याच्यासंगं झालो की काय."

माझ्या मते हिचकॉकवर लिहिलेल्या पुष्कळ पानांचे सार या एका वाक्यात आले. प्रेक्षकाला खुनाच्या बेतात सामील करून घेणे हे या दिग्दर्शकाचे कसब. बेत नेटका असला की तो पार पडावा असे आपल्याला वाटू लागते. मरणाऱ्याचा विसर पडतो. शहरी रसिक याला तंत्राचा विजय म्हणून टाळी देतात. ज्याच्या वाडीला एखाद्या गावाने बहिष्कार घातलेला आहे त्याला मात्र ही अवस्था फार ओळखीची आहे. चावडीवर काहीतरी शिजते आहे हे सगळ्या गावाला कळते. कोणी त्यात हात घालत नाही, कोणी मोडताही घालत नाही. आता पुढे काय होणार एवढीच उत्सुकता लोकांच्या डोळ्यांत असते. प्रेक्षक होणे ही निरुपद्रवी गोष्ट नाही, हे चाचांना त्या क्षणी कळले.

चित्रपट संपल्यावर मते निघाली. मुलींना इन्स्पेक्टर हबर्ड आवडला. एका बाईंना बायकोचा राग आला होता, तो शेवटपर्यंत गेला नाही. तिला फाशीची शिक्षा झाली तेव्हाही त्यांचे मन विरघळले नाही. मला वाटते त्यांचा राग व्यभिचारापेक्षा त्या घरातल्या सुबत्तेवर अधिक होता. पण सगळ्यात वेगळे मत नेपाळी खलाशाचे होते. तो हिंदीतून म्हणाला की जो मेला त्याचे कोणी काहीच केले नाही. त्याला जमिनीवरून उचलला, नेला, संपले. त्याच्या घरी कोणी कळवले का?

लोक हसले, कारण स्वान हा मारेकरी. मारेकऱ्यासाठी कोण रडणार? पण प्रश्न चुकीचा नव्हता. स्वानची बाजू घ्यावी असे मला म्हणायचे नाही. तो पैशासाठी एका झोपलेल्या बाईचा गळा आवळायला आला होता. तरीही रचनेकडे पाहा. ज्याने बेत केला तो सभ्य, कपडे इस्त्रीचे, बोलणे गोड. ज्याच्याकडून करवून घ्यायचे तो नडलेला, आणि मेला तो. त्याच्या मृत्यूचे मोल एवढेच की त्यामुळे कोडे तयार झाले. टोनी मृताच्या खिशातून किल्ली काढतो आणि ती आपल्या बायकोची समजून तिच्या पाकिटात ठेवतो. ती असते स्वानच्या स्वतःच्या घराची. सबंध चित्रपटाचा उलगडा त्या किल्लीने होतो. आता गंमत अशी की ज्या घराचे ते दार, ते घर आपल्याला एकदाही दिसत नाही. पोलिसांना त्या किल्लीशी काम आहे ते टोनीचे कुलूप उघडण्यापुरते. खलाशाने हे असे मांडले नाही. त्याने फक्त कळवले का एवढेच विचारले. पुढे बोलता बोलता तो म्हणाला की आमच्यातला एखादा रात्री पाण्यात गेला तर पाय घसरला असे लिहितात, आणि जेवढ्या कागदावर ते लिहितात तेवढाच कागद घरी जातो. कोणत्या लाँचीवरचे, कधीचे, हे त्याने सांगितले नाही. कोणी विचारलेही नाही. नाखव्याच्या ओळखीची माणसे त्या पडवीतही होतीच.

दुसऱ्या संध्याकाळी 'सामना' लावला. हा आग्रह काकांचा.

'सामना' १९७४ साली तयार झाला. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल, निर्माते रामदास फुटाणे, पटकथा-संवाद विजय तेंडुलकरांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे. १९७५ च्या बर्लिन महोत्सवात तो स्पर्धेत होता. हिंदुराव धोंडे पाटील या सहकारसम्राटाच्या भूमिकेत निळू फुले आणि दारूत बुडालेल्या, ध्येयवादाचा चुराडा झालेल्या मास्तरांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू. हे दोघे समोरासमोर येतात तेव्हा मराठी पडद्यावर क्वचित दिसलेले नाट्य उभे राहते, हे मान्य केलेच पाहिजे. आणि मारुती कांबळे? ती भूमिका मोहन आगाशे यांची. सैन्यातून गावी परतलेला, ताठ मानेचा माणूस. तो नाहीसा झाला आहे. "मारुती कांबळेचं काय झालं?" हा मास्तरांचा प्रश्न चित्रपटातून उडाला तो थेट मराठी भाषेत येऊन बसला. आज कोणत्याही दडपलेल्या प्रकरणावर वर्तमानपत्रे तो मथळा देतात. हे ज्यांना ठाऊक आहे त्यांतल्या पुष्कळांनी चित्रपट पाहिलेला नसतो.

रहस्यपट म्हणून पाहिले तर 'सामना' अजब आहे. येथे खुनी कोण हे कोडेच नाही. गावातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. प्रेक्षकालाही लवकरच कळते. कोडे आहे ते मौनाचे. एवढी माणसे एवढी वर्षे एवढे एक वाक्य तोंडातून बाहेर कसे पडू देत नाहीत? लंडनच्या त्या घरात इन्स्पेक्टरला पुरावा सापडत नव्हता. येथे पुरावा गावभर हिंडतो आहे, जेवतो आहे, कारखान्यात कामाला जातो आहे. या एका बाबतीत तेंडुलकरांनी आणि पटेलांनी ग्रामीण महाराष्ट्राचे जे निदान केले ते अचूक आहे, आणि दुर्दैवाने आजही जुने झालेले नाही. २८ एप्रिल २०१४ रोजी नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात नितीन आगे या शाळकरी मुलाचा खून झाला. खटला उभा राहिला तेव्हा साक्षीदार एकामागून एक फिरले, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. नितीन आगेचे काय झाले हे कोणाला ठाऊक नव्हते? २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन भोतमांगे यांना मारले गेले ते गर्दीत मारले गेले, अंधारात एकट्या मारेकऱ्याने नव्हे. त्या खटल्यात शिक्षा झाल्या. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये सहा जणांना फाशी सुनावली, ती उच्च न्यायालयाने २०१० मध्ये पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलली. पण अत्याचार प्रतिबंधक कायदा काही लागू झाला नाही. म्हणजे खून झाला हे सिद्ध झाले आणि तो का झाला हे सिद्ध झाले नाही. याहून मोठे रहस्य कोणत्या लेखकाला सुचेल?

'सामना' ज्या वर्षांत घडला ती वर्षेही आठवावीत. १९७२ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दलित स्त्रियांची विटंबना, त्याच वर्षी इंदापूर तालुक्यातल्या बावड्याचा बहिष्कार, त्यातून पेटून उठलेले दलित पँथर, १९७४ मध्ये अकोला जिल्ह्यात गवई बंधूंचे डोळे काढण्याची घटना. ही हवा तेंडुलकरांना लागली नसेल असे म्हणता येत नाही. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ला १९७२ साली प्रस्तावना लिहिणारा लेखक तो हाच. तेव्हा त्यांनी नाहीशा झालेल्या माणसाला कांबळे हे आडनाव दिले ते अजाणता दिले असेल, हे मला पटत नाही. मात्र आडनाव देऊन ते तेथेच थांबले. चित्रपटाचा सारा भार हिंदुरावाच्या वाड्यावर आणि मास्तरांच्या आत्म्यावर आहे. कांबळेच्या वस्तीला तो स्पर्श करून परत फिरतो.

यावर आमच्या पडवीत जो वाद झाला तो मी आजवर वाचलेल्या 'सामना'वरच्या कोणत्याही परीक्षणाहून मोलाचा मानतो. मासे विकणाऱ्या एका मावशींनी सुरुवात केली. "ता सगला बरा हाय. पन तो गेला त्याच्या घरच्यांचा पुढं काय झाला? चूल कोन पेटवत होता?" एका मुलीने उत्तर दिले की चित्रपट मास्तर आणि हिंदुराव यांच्यातल्या झुंजीचा आहे, नावच 'सामना' आहे. मावशी म्हणाल्या, "मंग कांबळे कशाला मारलान?"

हा प्रश्न मी येथे तसाच ठेवतो, कारण समीक्षेच्या भाषेत तो मला याहून चांगला मांडता येणार नाही. सामना कोणाकोणात आहे? एक सवर्ण सत्ताधारी आणि एक सवर्ण ध्येयवादी यांच्यात. एकाची सत्ता मोडते, दुसऱ्याचे हरवलेले सत्त्व परत येते. या दोन्ही गोष्टी घडवून आणण्यासाठी तिसरा माणूस अगोदरच मरून पडलेला असावा लागतो. मास्तर पुन्हा माणसात येतात ते कांबळेच्या मृत्यूवर पाय देऊन. स्वानच्या खिशातली किल्ली आणि मारुती कांबळे हे नाव यांचे काम एकच: दुसऱ्यांच्या घरची कुलुपे उघडणे.

काकांना हे मुळीच मान्य झाले नाही. ते उठून उभे राहिले. सैन्यात अनेक वर्षे काढलेला माणूस; बोलताना हात पाठीमागे बांधतो. त्यांनी सांगितले की त्यांनी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा ते सुट्टीवर होते. थिएटरात मागच्या खुर्च्यांवर कोणकोण बसले होते हेही त्यांना आठवत होते. आणि अंधारात पडद्यावरून ते आडनाव पुन्हा पुन्हा ऐकू येऊ लागले. शिवी म्हणून नव्हे, नोकराला मारलेली हाक म्हणून नव्हे, प्रश्न म्हणून. "आमचं नाव असं कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं हो. तुम्ही आज चूल विचारता. आम्हाला तेव्हा नाव पुरलं." मावशी त्यावर काही बोलल्या नाहीत, पण त्यांना ते पटले असेही दिसले नाही.

काकांच्या बोलण्यात जो इतिहास होता तो समजून घेतला पाहिजे. मारुती कांबळे सैनिक आहे ही गोष्ट कोकणात वेगळ्या तऱ्हेने पोहोचते. दापोली ही पेन्शनर सैनिकांची छावणी. १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर तेथे राहिले आणि तेथून त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालवली. १८८८ चे 'विटाळ विध्वंसन' त्यांचे. सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर दापोलीस येऊन राहिले. महारांची भरती इंग्रजांनी बंद केली तेव्हा हेच पेन्शनर अर्ज लिहीत होते. पुढे १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. म्हणजे फौजेतून परतलेला माणूस हा आमच्या चळवळीचा पहिला पुरुष आहे. तो वाचायला शिकलेला असतो, त्याच्या हाताला सलाम ठोकायची सवय असते पण जोहार घालायची मोडलेली असते, आणि महिन्याला येणाऱ्या पेन्शनीमुळे त्याला खोताच्या पडवीत वाकून उभे राहावे लागत नाही. गावाला अशा माणसाची भीती वाटते. त्याने काही केले पाहिजे असे नाही. तो सरळ चालला तरी पुरे. तेंडुलकरांनी हे जाणून मारुतीला सैनिक केला की गोष्टीच्या सोयीसाठी केला, हे त्यांचे त्यांना माहीत. काकांनी मात्र पडद्यावर आपला आजा पाहिला.

आमच्याकडे साखर कारखाने नाहीत, म्हणून हिंदुराव हा घाटावरचा प्राणी, असेही एक मत निघाले. ते टिकले नाही. चाचा म्हणाले, "कारखाना नाय, पन लाँची हायत." काका म्हणाले, खोत होते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले ते याच जिल्ह्यातल्या कुळांच्या बळावर. कायदा व्हायला मात्र १९४९ उजाडले. खोत गेले आणि त्यांचा आवाज दुसऱ्या गळ्यांत गेला. निळू फुल्यांचा हिंदुराव किंचाळत नाही, हे या प्रेक्षकांनी बरोबर टिपले. तो आर्जवाने बोलतो, मास्तरांना पोटाशी धरतो, दारू पाजतो. सत्ता अशीच प्रेमळ असते, जोवर आपण नाव घेत नाही तोवर.

मास्तरांविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे. लागूंचा अभिनय बाजूला ठेवून या व्यक्तिरेखेकडे पाहिले तर तीत मराठी मध्यमवर्गाचे एक जुने स्वप्न दिसते. आपण हरलो, भ्रष्ट झालो, दारूडे झालो, तरी आपल्या आत एक प्रश्न विचारणारा जागा आहे, आणि वेळ आली की दलितांच्या वतीने तोच विचारील. रत्नागिरीला हे स्वप्न नवे नाही. १९३१ साली येथे पतितपावन मंदिर उभे राहिले. भागोजीशेठ कीर यांनी बांधले, सावरकरांनी पुढाकार घेतला. ते दार उघडले गेले याचे ज्यांना अप्रूप वाटले त्यांचे मी नाकारत नाही. पण दार कोणाच्या हाताने उघडले, आणि त्याला 'पतितां'चे नाव का, हे प्रश्न त्या दगडी पायऱ्यांवर अजून बसून आहेत. मास्तर हे असेच दार उघडून देणारे आहेत. चित्रपटात कांबळेच्या वस्तीतला एखादा पोरगा उठून तोच प्रश्न विचारतो आणि मास्तर त्याच्या मागे उभे राहतात, अशी कल्पना करून पाहा. सबंध रचना ढासळते, कारण मग मास्तरांचे काही उरत नाही. बाहेर खऱ्या महाराष्ट्रात मात्र त्याच वर्षी तसे पोरगे शेकड्यांनी रस्त्यावर होते.

तेंडुलकरांच्या पुढच्या लेखनाकडे पाहिले की ही शंका बळावते. १९८३ च्या 'कन्यादान'मध्ये त्यांनी दलिताला प्रथमच भरपूर बोलायला लावले. अरुण आठवले हा कवी आहे, बोलका आहे, आणि बायकोला मारतो. त्या नाटकावर आपल्या बाजूने जी टीका झाली तिचे सगळेच मुद्दे मला मान्य नाहीत. दलित पुरुष बायकोला मारत नाही असे म्हणण्याइतके आपण भोळे असू नये. पण दोन्ही कलाकृती शेजारी ठेवल्या की एक चमत्कारिक गोष्ट दिसते. मेलेला दलित निष्कलंक असतो आणि जिवंत दलित हिंस्र. कांबळेविषयी आपल्याला एवढा कळवळा का वाटतो? तो समोर येऊन आपल्याशी भांडत नाही म्हणून तर नव्हे? जब्बार पटेलांची वाट पुढे वेगळी झाली. त्यांनी १९९४ मध्ये 'मुक्ता' केला आणि २००० मध्ये बाबासाहेबांवरचा चित्रपट केला. ज्या दिग्दर्शकाने एका नावावर सुरुवात केली तो त्या नावामागच्या समाजाकडे चालत गेला, हे श्रेय त्यांना द्यायला हवे.

दुसऱ्या रात्रीच्या वादाला उत्तर म्हणून की काय, मुलींनी तिसऱ्या रात्री चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' आणला. हा २०१४ सालचा. यातही एक कांबळे आहे. नारायण कांबळे, लोकशाहीर. वीरा साथीदारांनी केलेला. आणि यातही एक मृत्यू आहे. गटार साफ करणारा वासुदेव पवार मॅनहोलमध्ये मरतो, आणि शाहिराच्या गाण्याने त्याला आत्महत्येस प्रवृत्त केले असा खटला उभा राहतो. आमचे प्रेक्षक पहिला अर्धा तास कंटाळले. कॅमेरा हलत नाही, पार्श्वसंगीत नाही. दोन खलाशी झोपले. मध्येच वीज गेली आणि पाऊण तास समुद्राचा आवाज ऐकत बसावे लागले.

वीज आली तेव्हा वासुदेवच्या विधवेची साक्ष सुरू झाली. तिला विचारतात, नवरा सुरक्षेची साधने वापरायचा का. नव्हती. मग गटारात विषारी वायू आहे की नाही हे कसे कळायचे? ती सांगते, तो आधी आत खडा टाकायचा, झुरळ बाहेर आले तर उतरायचा. हे ती ज्या आवाजात सांगते त्यात रडणे नाही, आरोप नाही. ती बाई खऱ्या आयुष्यातही गटारकामात नवरा गमावलेली आहे, असे मुलीने सांगितले. मावशी म्हणाल्या, "बग, हिला इचारल्यान."

मला वाटते चाळीस वर्षांत मराठी पडद्यावर झालेला फरक एवढाच आहे आणि तो थोडा नाही. लंडनच्या त्या चित्रपटात किल्ली होती आणि घर नव्हते. 'सामना'त नाव होते आणि घर ओझरते होते. येथे मेलेल्याच्या घरातले माणूस न्यायालयात उभे आहे आणि आपल्याला कामाची पद्धत सांगते आहे. यात कोणतीच उत्कंठा नाही म्हणून कोणी याला रहस्यपट म्हणणार नाही. तरी माणूस कसा मेला हे इतक्या स्वच्छपणे मला दुसऱ्या कोणत्याही चित्रपटाने सांगितलेले नाही. 'सैराट'चा शेवट मी पाहिला आहे आणि त्या पावलांनी मलाही हलवले आहे. पण तेथे आपण सुन्न होतो, येथे आपल्याला माहिती मिळते. या दोहोंत मी दुसरे अधिक मोलाचे मानतो. काकांना 'कोर्ट' आवडला नाही. त्यातला कांबळे फार मवाळ आहे, सैन्यात असता तर असा बसला नसता, असे त्यांचे मत पडले, आणि ते त्यांनी जाईपर्यंत बदलले नाही.

सगळे उठल्यावर झोपलेल्या दोघांपैकी एक खलाशी, पहिल्या रात्री कळवले का असे विचारणारा, जागा झाला. काय झाले म्हणून त्याने विचारले. मुलीने त्याला झुरळाची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, लाँचीच्या मासळीच्या खणात उतरताना ते लोकही असेच काही करतात. आधी बादली सोडतात, कंदील सोडतात. मग त्याने ते कसे करतात हे हातांनी दाखवायला सुरुवात केली, आणि निघालेली माणसे पडवीच्या पायरीवर पुन्हा बसली.